मका पिवळा पडला, पण अर्ध्याच वावरात! वाणावाणांत एवढा फरक असतो का?

बांधावरचा | १४ ऑगस्ट २०२२

मंडळी, राम राम. मी इथे फक्त पावसाच्या धाग्यावर "आमच्याकडे नाही" एवढंच लिहीत आलोय. आज जरा लांबण लावतो. मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.

सिल्लोड तालुक्यात आमचं साडेपाच एकर. त्यातला पाऊण एकराचा तुकडा माळाला लागून आहे, अगदी बरड. फूटभर माती, खाली मुरूम. यंदा तिथे मका टोबला. अर्ध्यात दुकानातला नेहमीचा संकरित, अर्ध्यात मेहुण्याने सातपुड्यातल्या धडगावकडून आणून दिलेला गावठी पांढरा. दोन्ही एकाच दिवशी, सव्वादोन फुटांवर ओळी, रोपात वीतभर अंतर.

लावताना डीएपीची एक गोणी दिली. महिन्याने युरिया द्यायचा तर दुकानात "संपला". म्हणजे होता, पण त्याच्यासोबत साडेचारशेची एक टॉनिकची बाटली घ्यावी लागणार होती. ह्या लिंकिंगची चीड आहे मला, तावातावाने परत आलो. त्यानंतर जुलैचा पाऊस असा लागला की पंधरा दिवस वाफसा नाही. युरिया हुकला तो हुकलाच.

आता गंमत बघा. संकरिताची खालची चार-चार पानं पिवळी, टोकाकडून करपलेली. गावठी मात्र हिरवा. काळाभोर नाही, पण हिरवा. बांधावर उभं राहिलं की वावराच्या मधोमध कुणीतरी चुन्याची रेघ मारल्यासारखा रंग बदलतो.

प्रश्न असा: गावठी वाणाला नत्र (नायट्रोजन) कमी लागतं, की तो मातीतून जास्त ओढतो? की कुठून तिसरीकडूनच आणतो?

---

शिकाऊ_कृषीकन्या | १४ ऑगस्ट २०२२

दादा, आधी ते नत्रच आहे ना हे बघून घ्या. खालचं एक पान तोडून हातात धरा. पिवळेपणा टोकाकडून सुरू होऊन मधल्या शिरेवरून देठाकडे सरकत असेल, म्हणजे पानाच्या कडा हिरव्या आणि मध्ये पिवळी पाचर, तर नत्र. उलटं असेल, कडा करपल्यात आणि मधली शीर हिरवी, तर पालाश (पोटॅश). वरची कोवळी पानं पांढरट पट्ट्यांची असतील तर जस्त.

नत्र कमी पडलं की झाड खालच्या म्हाताऱ्या पानांतलं काढून वरच्या कोवळ्यांना देतं, म्हणून पिवळेपणा नेहमी खालून वर चढतो. जस्ताला असं सहज हलता येत नाही, त्यामुळे ते आधी शेंड्याला दिसतं.

---

बांधावरचा | १४ ऑगस्ट २०२२

आत्ताच जाऊन बघून आलो. मध्ये पाचर, कडा हिरव्या. शंभर टक्के नत्र.

---

खडूस_आजोबा | १४ ऑगस्ट २०२२

यात विचारायचं काय? गावठी ते गावठी. आमच्या वडिलांच्या काळात युरिया कुठे होता? उकिरड्याच्या दोन गाड्या पडल्या की मका डोक्याच्या वर. संकरित म्हणजे सलाईनवर वाढवलेलं पोर. सलाईन काढलं की आडवं.

---

निवांत | १४ ऑगस्ट २०२२

मक्याचा धागा आहे, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

आकडेमोड | १५ ऑगस्ट २०२२

आजोबा, ऐकायला गोड आहे, पण मोजमाप वेगळं बोलतं. अमेरिकेत १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९३०च्या दशकापासून १९८०पर्यंतचे संकरित वाण शेजारी-शेजारी लावले, भरपूर खतात आणि खताशिवायही. नवे वाण दोन्हीकडे जुन्यांच्या पुढे. कमी नत्रात फरक लहान झाला, पण पारडं फिरलं नाही. "नवं म्हणजे खादाड, जुनं म्हणजे काटक" हे सरसकट खरं नाही.

कारणही साधं आहे. गावठी ताट उंच आणि पाला भरपूर, त्यामुळे मिळालेल्या नत्राचा मोठा वाटा धाटात अडकतो. नव्या वाणाने तेच नत्र कणसात नेलेलं असतं. म्हणून हिरवा रंग बघून निकाल लावू नका, कणीस सोलून लावा. आणि पान पिवळं पडणं ही कधीकधी झाडाची हुशारीही असते, कारण पानातलं नत्र दाण्यात चाललेलं असतं.

दुसरं: दोन वाण एकेकाच तुकड्यात लावले की फरक वाणाचा की मातीचा हे देवालाही सांगता येणार नाही. त्या दोन अर्ध्या तुकड्यांत गेल्या तीन वर्षांत काय-काय झालं ते लिहा.

---

धडगावचा_मास्तर | १५ ऑगस्ट २०२२

आमच्या डोंगरातलं बियाणं सिल्लोडला पोचलं म्हणून बरं वाटलं. पावरा आदिवासी घरांत मक्याची भाकर रोजची आहे, त्यामुळे इथे वाण फक्त उताऱ्यावर ठरत नाही. भाकर मऊ होते का, कणगीत टिकतो का आणि श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपतं तेव्हा हाताशी येतो का, हे तीन प्रश्न आधी. लवकर येणारा मका म्हणजे उपासाचे पंधरा दिवस वाचले. बाएफ या संस्थेने या भागातले मक्याचे स्थानिक वाण गोळा करून जपलेत, त्यात रंग बघितलेत तर थक्क व्हाल.

एक मात्र सांगतो. तुम्ही शेजारी पिवळा संकरित लावलाय, तर यातलं बियाणं धरू नका. कणीस सोलल्यावर पांढऱ्यात पिवळे दाणे दिसतील. ते शेजारच्या तुऱ्याचे पराग. पिवळा रंग पांढऱ्यावर भारी आहे, त्याच वर्षी दाण्यात दिसतो.

---

मक्याचंकणीस | १५ ऑगस्ट २०२२

तिसरीकडून आणतो का विचारलंत ना? मेक्सिकोत म्हणे हवेतून नत्र घेणारा मका सापडलाय! मुळांतून जेली गळते! मग युरियाचं दुकानच बंद की!! ते बियाणं मिळेल का कुठे?

---

मॅडिसनकर | १६ ऑगस्ट २०२२

हळू हळू. खबर खरी आहे, पण व्हॉट्सॲपवर तिचं लोणचं झालंय. आमच्याच विद्यापीठात यावर काम चालतं, मी त्या प्रयोगशाळेतला नाही, पण अधूनमधून भाषणं ऐकतो.

मेक्सिकोतल्या ओहाका राज्यात सिएरा मिहे नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथलं टोटोंटेपेक गाव. मिहे लोक तिथे जवळजवळ बिनखताच्या हलक्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या हा मका घेतात. झाड पाच मीटर उंच होतं, पीक निघायला आठ महिने. आपल्या मक्याला जमिनीलगतच्या एक-दोन पेरांना आधाराची मुळं फुटतात. याला आठ-दहा पेरांना फुटतात, तीही अंगठ्याएवढी जाड आणि हवेतच लोंबकळणारी. पाऊस पडला की त्यांच्या टोकांवर घट्ट, पारदर्शक चिकट द्रव जमतो, शेंबडासारखा म्हटलं तरी चालेल. तो साखरेने भरलेला असतो आणि आतपर्यंत प्राणवायू फारसा पोचत नाही. नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचं मुख्य विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की निकामी होतं. त्यांना नेमकी अशीच जागा हवी असते: खायला साखर, आणि हवा बंद. जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, झाड तो पिऊन घेतं.

२०१८ साली अमेरिकेतल्या डेव्हिस आणि मॅडिसन विद्यापीठांच्या आणि मार्स कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून हे प्रसिद्ध केलं. नत्राच्या समस्थानिकांवरून (आयसोटोप) हिशोब केला तर झाडातलं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आलेलं. आकड्यांतली ही दरी बघा. शेत, वर्ष आणि मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

सिल्लोडला का चालणार नाही? आठ महिने ओल कुठून आणणार? मुळं कोरडी असतील तर द्रव गळतच नाही. शिवाय तो मका तिथल्या दिवसमानाला बांधलेला आहे. आपल्याकडे जूनच्या लांब दिवसांत लावलात तर नुसता वाढत बसेल, तुरा यायला दिवाळी उलटेल.

आणि बियाण्याचं म्हणाल तर ते मागवायची वस्तू नाही. गावाशी जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय नागोया कराराखाली लाभवाटपाचा करार झालाय. वाण त्यांचा आहे. संशोधक हा गुण साध्या मक्यात आणायच्या मागे आहेत, त्याला वेळ लागेल.

---

मक्याचंकणीस | १६ ऑगस्ट २०२२

म्हणजे दुकान चालूच राहणार. असो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

लिलाँग्वेकर | १७ ऑगस्ट २०२२

हा धागा बघून राहवलं नाही. नऊ वर्षं मलावीत काढली, आता डोंबिवलीत असतो. तिथे मका म्हणजे आपल्याकडची ज्वारी, तांदूळ आणि गहू तिन्ही. चिमांगा. त्याच्या पिठाचा न्सिमा दोन वेळा, आणि तो झाला नाही तर माणूस "आज जेवलो नाही" म्हणतो, बाकी काहीही खाल्लेलं असो.

नत्राचा दुष्काळ काय असतो ते तिथे बघितलं. २००६ साली अबुजात आफ्रिकी देशांनी जाहीरनामा काढला, तेव्हा खंडातला खताचा सरासरी वापर हेक्टरी ८ किलो होता आणि तो ५०वर न्यायचं ठरलं. ८ किलो म्हणजे, बांधावरचे, तुमच्या हुकलेल्या वर्षापेक्षाही कमी. मलावी सरकारने २००५च्या हंगामापासून गरीब शेतकऱ्यांना कुपनं दिली: एक गोणी मिश्रखत, एक गोणी युरिया, थोडं बियाणं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना कुपन मिळालं तर दोन गोण्या चार भावंडांत वाटल्या जायच्या. मग झाडाला बाटलीच्या बुचाने मोजून खत. पावसाळा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, जानेवारी-फेब्रुवारी भुकेचे महिने. तेव्हा रस्त्याने जाताना शेतं अशी दिसायची: घराशेजारी हिरवागार मका, कारण राख, केरकचरा, बकऱ्यांच्या लेंड्या तिथेच पडतात, आणि घरापासून लांब जावं तसतसा रंग उतरत पिवळा. वाण एकच.

गावठी विरुद्ध संकरित हा वाद तिथेही होता. "चिमांगा चा माकोलो", पूर्वजांचा मका. संकरित मऊ दाण्याचे असायचे, उखळात कांडले की पिठाऐवजी कोंड्यातच जास्त जायचे, आणि कणगीत भुंगा लगेच लागायचा. बायकांनी ते नाकारले ते खतामुळे नाही, उखळामुळे. १९९०मध्ये तिथल्या संशोधकांनी टणक दाण्याकडे झुकणारे एमएच १७ आणि एमएच १८ काढले, तेव्हा संकरितांना घरात जागा मिळाली. मास्तरांनी भाकरीचं लिहिलंय ते वाचून हेच आठवलं.

कमी नत्रासाठी मुद्दाम वाण निवडायचं कामही त्याच भागात झालं. सिमिट ही आंतरराष्ट्रीय मका-गहू संस्था मेक्सिकोत, तिने तिथल्या पोसा रिका केंद्रावर सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात हरारेहून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांसाठी जोर लावला. हरारेला मी ते प्लॉट बघितलेत. बघवत नाहीत. मुद्दाम उपाशी ठेवलेली जमीन: अनेक हंगाम नत्र न देता पीक घ्यायचं, धाटंसुद्धा उचलून न्यायची, उतारा खत दिलेल्या रानाच्या पाव-तिसऱ्या हिश्शावर आला की जमीन "तयार". मग त्यात शेकडो वाण लावायचे आणि कोण तग धरतंय ते बघायचं. झेडएम ५२१ सारखे वाण यातूनच आले, तेही संकरित नव्हेत. शेतकरी त्यांचं बियाणं घरी धरू शकतो.

आपल्याकडे वाणांची परीक्षा होते ती शिफारशीचं पूर्ण खत घातलेल्या प्लॉटवर. त्यात पहिला आलेला वाण माळावरही पहिला येईल असं आपण गृहीत धरतो. मला ते कधी पटलं नाही.

अवांतर: दक्षिण मलावीत मक्यात तूर लावतात, नांदोलो म्हणतात. तिचा पाला गळून जमिनीला नत्र मिळतं, आणि ती तूर भारतात येते. २०२१मध्ये भारताने वर्षाला पन्नास हजार टनांचा करार केलाय. तुमच्या आमटीत कदाचित असेलही.

---

आकडेमोड | १७ ऑगस्ट २०२२

लिलाँग्वेकर, दंडवत. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला आकडा आहे. सिमिटच्याच लोकांनी १९९७ला हिशोब मांडला होता. नत्राअभावी उतारा साधारण ४० टक्क्यांहून जास्त घटत असेल, तर भरपूर खताच्या प्लॉटवरची निवड उपयोगाची राहत नाही, उपाशी जमिनीवरच निवडावं लागतं. घट त्याहून कमी असेल तर नेहमीच्या प्लॉटवरचा पहिला तिथेही बरा चालतो. म्हणजे आजोबाही थोडे बरोबर आणि मीही.

---

खडूस_आजोबा | १७ ऑगस्ट २०२२

"थोडे". बरं. लिलाँग्वेकर, तिकडे टारफुला असतो का हो? माझ्या लहानपणी बार्शीकडे हलक्या रानातल्या ज्वारीत हटकून यायचा. पांढरी नाजूक फुलं, दिसायला देखणा, आणि ज्वारी वाळून कोळ.

---

लिलाँग्वेकर | १८ ऑगस्ट २०२२

आजोबा, असतो! मक्यात, आणि भयंकर. काउफिती म्हणतात. "उफिती" म्हणजे चेटूक. उपाशी जमिनीतच त्याचं फावतं. भुकेलेल्या पिकाच्या मुळांतून जो रासायनिक निरोप मातीत जातो, तोच टारफुल्याच्या बियांना "उगवा" असं सांगतो. शेतकरी म्हणतो, कुणीतरी करणी केली. खरी करणी नत्राची.

---

मुळाखालचा | १८ ऑगस्ट २०२२

सगळे पानांवर बोलतायत, म्हणून मी खालचं बोलतो.

नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली सरकतं. यंदाच्या जुलैत तुमच्या डीएपीतलं नत्रही खाली पळालं असणार. ५० किलोच्या गोणीत ९ किलोच असतं ते. त्याच्या मागे ज्याची मुळं लवकर खाली जातील तो वाण जिंकतो. पेनसिल्व्हेनियाचे जोनाथन लिंच यांनी २०१३ला कमी नत्रासाठी मुळाचं चित्रच मांडलं: सरळ खाली जाणारी, खोल आणि स्वस्त. स्वस्त म्हणजे, मुळं पोसायलाही झाडाला साखर मोजावी लागते. काही वाणांच्या मुळांत पेशी मरून हवेच्या पोकळ्या होतात, तेवढं पोसायचं वाचतं, आणि वाचलेल्या साखरेत मूळ आणखी खोल जातं. खोडाजवळ मुळांचा झुपका दाट असणंही फायद्याचं नाही. मोजकी मुळं असलेले वाण कमी नत्रात जास्त खोल गेलेले दिसले.

हे बघायला यंत्र लागत नाही. त्यांनीच पद्धत काढली आणि फावड्यावरून तिचं नाव ठेवलं, शॉव्हेलॉमिक्स. तुरा आल्यावर झाड फावड्याने गोल उकरा, मुळांचा गड्डा बादलीत भिजवून धुवा, आणि मुळं खोडाशी किती तिरपी फुटलीत ते बघा.

पण मालक, तुमच्या फूटभर मातीत हे सगळं व्यर्थ असू शकतं. मुरूम लागल्यावर मूळ जाणार कुठे?

---

बांधावरचा | २० ऑगस्ट २०२२

मंडळी, तोंड लपवून लिहितोय.

आकडेमोड यांनी विचारलं होतं की त्या दोन भागांत आधी काय झालं. मी "काहीच नाही" असं लिहिणार होतो. काल जेवताना आई सहज म्हणाली, "मेंढरं बसली होती त्या अंगाला मका बरा दिसतोय."

गेल्या उन्हाळ्यात धनगराचा वाडा पाच रात्री आमच्या माळाला होता. पूर्वेच्या अर्ध्यात. पश्चिमेला जाळी लावायच्या आधीच ते पुढे गेले. आणि गावठी मका मी पूर्वेच्या अर्ध्यात लावलाय.

चुन्याची रेघ मेंढरांच्या जाळीची आहे.

---

निवांत | २० ऑगस्ट २०२२

पॉपकॉर्न सांडले.

---

आकडेमोड | २० ऑगस्ट २०२२

हे कबूल करायला हिंमत लागते, टोपी काढली. पुढच्या वर्षी नीट करा. मेंढरं न बसलेल्या पश्चिमेच्या अर्ध्यात सहा-सहा ओळींचे आठ पट्टे, आलटून-पालटून दोन्ही वाण. प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या लांबीला युरिया, अर्ध्याला नाही, आणि ती बाजूही पट्ट्यागणिक बदला. काढणीला फक्त मधल्या दोन ओळी मोजा, कडेच्या शेजाऱ्याचं खातात.

---

शिकाऊ_कृषीकन्या | २० ऑगस्ट २०२२

आणि एक मोजाच, अगदी फुकटचं. तुऱ्यातून पराग पडायला लागल्यापासून कणसाला केस यायला किती दिवस लागतात. नत्राची किंवा पाण्याची ओढ असली की झाड तुरा वेळेवर टाकतं पण कणसाचा हात आखडतं, केस उशिरा येतात. तोवर पराग संपतो. मग कणसाच्या टोकाला दाणेच नाहीत. उपाशी प्लॉटवर वाण निवडताना हे अंतर, ताटामागे किती कणसं आणि पानं किती दिवस हिरवी राहतात, हेच बघतात.

---

बांधावरचा | ३ ऑक्टोबर २०२३

धागा वर काढतोय, आनंदाने नाही. पट्टे लावले, खुंट्या ठोकल्या, वही केली. ऑगस्टमध्ये पाऊस गायब. युरिया पडला तसाच वर पांढरा दिसत राहिला, पिकाला लागलाच नाही. केस आले तेव्हा तुरे वाळले होते. सगळेच पट्टे सारखे वाईट. वैरण केली, मुरघासात घातली.

---

खडूस_आजोबा | ३ ऑक्टोबर २०२३

शेती अशीच असते बाबा. वही ठेव.

---

बांधावरचा | २७ ऑक्टोबर २०२४

या वर्षी जमलं. पाऊस बरा, युरिया वेळेवर मिळाला (दुकान बदललं). मास्तरांचं ऐकून गावठीचं बियाणं नव्याने धडगावहून मागवलं. पेरणीला सर्वांना सारखं डीएपी, आणि युरियाच्या भागाला महिन्याने एक हप्ता, पंचेचाळिसाव्या दिवशी दुसरा.

मधल्या दोन ओळी, वीस मीटर लांबी, वाळवून सोललेले दाणे, चार पट्ट्यांची सरासरी अशी:

युरिया दिलेला: संकरित १४ किलो, गावठी ९.
न दिलेला: संकरित ६, गावठी ५.३.

चारपैकी एका पट्ट्यात बिनयुरियाचा गावठी थोडा पुढे होता, तीनमध्ये मागे. केसांचं अंतर: संकरितात युरियावर दोन दिवस, बिनयुरियाचं सहा. गावठीत तीन आणि चार. बिनयुरियाच्या संकरिताची कणसं सोलताना टोकाला दोन बोटं रिकामी, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. गावठीचं कणीस लहान, पण शेंड्यापर्यंत भरलेलं. आणि तो सोळा दिवस आधी निघाला, वैरणही जास्त.

फावड्याने गड्डेही उकरले. दोघांची मुळं मुरमाला टेकून आडवी फिरलेली. मुळाखालचे, तुमचं बरोबर.

पांढऱ्यात पिवळे दाणे मुठीने निघाले. बियाणं धरलेलं नाही.

---

आकडेमोड | २७ ऑक्टोबर २०२४

वा! संकरिताची घट ५७ टक्के, गावठीची ४१. गावठी जास्त सोसतो, पण दाणे बिनखताचेही संकरितच थोडे जास्त देतो. सोसणं वेगळं आणि देणं वेगळं, दोन्ही तुमच्याच वहीत. फक्त ६ आणि ५.३ यांत चार पट्ट्यांवरून फार अर्थ काढू नका.

आता एक कडू हिशोब. मक्याच्या दाण्यात साधारण दीड टक्का नत्र. एकरी वीस क्विंटल निघाले तर तीस किलो नत्र गाडीत बसून बाजारात गेलं, वैरण उचलली की आणखी दहा-बारा. हेक्टरी १२० किलोची शिफारस म्हणजे एकरी साधारण ४८, म्हणजे ४५ किलोच्या सव्वादोन-अडीच गोण्या. कमी नत्रात चालणारा वाण हा हिशोब बदलत नाही, फक्त मातीच्या बचतीतून काढतो. आणि फूटभर मातीत बचत ती किती?

---

लिलाँग्वेकर | २८ ऑक्टोबर २०२४

म्हणून तिकडे वाणासोबत तूर, भुईमूग, आणि शेतात म्सांगूची झाडं. हा बाभळीचा भाऊबंद पावसाळ्यात पानं गाळतो. ऐन पिकात सावली नाही, पाल्याचं खत मात्र आयतं. नुसत्या वाणावर तिथे कुणीच थांबलं नाही.

---

शिकाऊ_कृषीकन्या | २८ ऑक्टोबर २०२४

बियाण्याला ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम चोळा, स्वस्त आहे. ब्राझीलमध्ये मक्यासाठी ॲझोस्पिरिलमच्या एबी-व्ही ५ आणि एबी-व्ही ६ ह्या जाती सर्रास वापरतात. पण युरियाच्या जागी नाही हं, जोडीला. त्याचा फायदा बराचसा मुळं वाढण्यातून मिळतो. आणि पुढच्या वर्षी मक्याआधी तिथे मूग घ्या बघू.

---

बांधावरचा | २ नोव्हेंबर २०२४

मुगाचं ठरलं, मूग निघाला की रब्बीत मका. गावठी दोन ओळी घरच्या भाकरीला, घराशेजारी, एकटा, जवळपास दुसरा मका नाही असा. माळाला संकरितच.

आणि पश्चिमेच्या अर्ध्यासाठी धनगराला निरोप धाडलाय, फाल्गुनात येतो म्हणाला. शंभरेक मेंढरं, पाच रात्री. पैसे मागतो की धान्य, ते बोलला नाही. तुमच्याकडे काय रीत आहे?

---

खडूस_आजोबा | २ नोव्हेंबर २०२४

आमच्याकडे रात्रीला पायली-दोन पायली ज्वारी आणि भाकरी-कालवण. तू मका देऊन बघ. गावठी दे, संकरिताला हसेल तो.